राईस मिलमधील पोत्यांची वाहतूक व छताखालील रूळमार्गाची रचना

भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुका हा वैनगंगा-चुलबंद काठच्या धानपट्ट्यात मोडतो. राईस मिलमध्ये सुटे धान एलिव्हेटरने यंत्रावर चढते. परंतु भरलेले पोते थप्पीपर्यंत बहुधा हमालाच्या पाठीवरूनच जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली आहे. ५० किलोचे पोते तीत बसते खरे, पण ते दिवसातून किती वेळा उचलावे लागते, हा प्रश्न उरतोच.

छताखाली टांगलेला रूळ हा यावरील एक उपाय होय. आय-आकाराच्या तुळईच्या खालच्या पट्टीवर ट्रॉली धावते व तिच्या आकड्याला पोते अडकविले जाते. येथे दोन टेकूंमधील अंतर निर्णायक ठरते. तुळई व भार तेच ठेवून हे अंतर दुप्पट केल्यास मध्यावरील झोल आठपट होतो. ट्रॉली मग मध्याकडे आपोआप घसरते आणि पुढील वाट चढाची होते. श्रम वाचविण्यासाठी बसविलेला रूळच श्रम मागू लागतो. हाताने चालविण्याच्या क्रेनच्या तुळईसाठी आय.एस. ८०० (२००७) या मानकात अंतराच्या १/५०० इतका, म्हणजे ३ मीटरला ६ मिलीमीटर, झोल ग्राह्य मानला आहे.

जुन्या मिलच्या कैच्या पत्रे व वारा यांच्या हिशेबाने बांधलेल्या असतात. त्यांवर चालता भार टांगणे धोक्याचे, म्हणून स्वतंत्र खांबच श्रेयस्कर. दोघांना उचलता येतील असे तुकडे, टेकूपाशी जोड आणि पातळी साधण्यासाठी लांबट भोके ठेवल्यास उभारणी स्थानिक फॅब्रिकेटरलाही जमते. आकडा मात्र चेनपुलीने पोत्याच्या तोंडापर्यंत खाली यावयास हवा. अन्यथा पोते आकड्यापर्यंत हमालालाच उचलावे लागेल.