थंड समुद्राचा पहिला घाला

१९५८ साली मिहिर सेन यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली. १४ तास ४५ मिनिटे ते पाण्यात होते. पुढच्याच वर्षी आरती साहा यांनी फ्रान्सकडून इंग्लंडचा किनारा गाठला. दोघेही उष्ण प्रदेशात वाढलेले. या पराक्रमांची वर्णने वाचताना लाटा, प्रवाह आणि अंतर डोळ्यांसमोर येते. पण त्या पाण्याची थंडी मात्र सहसा ध्यानात येत नाही. ऐन उन्हाळ्याच्या अखेरीसही तेथील पाणी १५ ते १८ अंश सेंटिग्रेडच्या घरातच असते.

थंड पाण्यात माणूस गारठून मरतो, ही समजूत सार्वत्रिक आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाली, तेव्हा तरंगपट्टे बांधलेले शेकडो प्रवासी गोठणबिंदूखालच्या पाण्यात थंडीनेच गेले, असे आज मानले जाते. परंतु शरीराचा गाभा ३७ अंशांवरून ३५ च्या खाली येण्यास बर्फगार पाण्यातही सुमारे अर्धा तास लागतो. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, तेही चांगला पोहणारा, पहिल्या दोन मिनिटांतच दिसेनासा होतो, त्याचे काय?

त्याचे उत्तर त्वचेत आहे. त्वचा एकाएकी थंड होताच छाती आपोआप एक मोठा श्वास ओढते. हा श्वास इच्छेने रोखता येत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर हवेऐवजी समुद्रच फुप्फुसांत शिरतो. पाठोपाठ धाप लागते, नाडी धावू लागते, रक्तदाब चढतो. दुबळ्या हृदयाला एवढे पुरते. हा झटका एक ते तीन मिनिटांत ओसरतो. त्यातून वाचलेल्याचे हातपाय पुढील दहा ते तीस मिनिटांत लुळे पडू लागतात, आणि मग पोहण्याची विद्या असून नसल्यासारखी होते.

कोकणचा दर्या हिवाळ्यातही कोमटच. त्यामुळे मालवणचा पट्टीचा पोहणारा मे महिन्यात ब्रिटनच्या किनाऱ्यावर गेला, तर स्वच्छ ऊन पाहून तो बेधडक सूर मारील. पण समुद्र हवेच्या फार मागून तापतो. तेव्हा तेथील पाणी जेमतेम १२ अंशांच्या आसपास असते.

ब्रिटनमधील जीवरक्षक नौकांची संस्था म्हणूनच सांगते की, अकस्मात पाण्यात पडल्यास हातपाय मारू नयेत. उताणे होऊन, तोंड वर ठेवून, श्वास ताळ्यावर येईपर्यंत नुसते तरंगावे. हे पोहणाऱ्याच्या स्वभावाविरुद्ध आहे खरे. स्वेच्छेने उतरणाऱ्याने सूर न मारता हळूहळू पाण्यात शिरावे. काही मिनिटांच्या पाच-सहा बुड्यांच्या सरावाने हा झटका बराच सौम्य होतो.

बाहेर काढलेल्या माणसाला होता होईल तो आडवेच ठेवावे, कारण उभे करताच रक्तदाब कोसळून तो दगावू शकतो. ओले कपडे काढून त्याला कोरड्या पांघरुणात गुंडाळावे. अंग चोळू नये, मद्य तर मुळीच देऊ नये.