घाट चढला की पानात काय बदलतं?

कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत हिंडणाऱ्या अश्वत्थाम्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंभा शिखरावर त्याचं ठाणं आहे, असं लोक मानतात. शिखराची उंची १३२५ मीटर. यात्रा भरते धनत्रयोदशीच्या सुमारास. आणि गंमत पाहा, धन्वंतरीचा, म्हणजे वैद्यांच्या देवाचा दिवसही तोच!

याच सातपुड्यात औषधी वनस्पती भरपूर आहेत. म्हणूनच एक प्रश्न पडतो. एकच झाड पायथ्याशी आणि माथ्यावर वाढलं, तर दोघांचं औषध सारखंच असेल का?

शहाद्याहून तोरणमाळला निघा. तापीकाठची सपाटी संपते, वळणावळणाचा घाट सुरू होतो आणि आपण सुमारे ११५० मीटरवर पोचतो. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. हवेचा थरही विरळ होतो, म्हणून सूर्याचे अतिनील किरण ढोबळमानाने दहा टक्क्यांनी वाढतात. आपण स्वेटर घालू, टोपी घालू. झाडानं काय करायचं? त्याला तर जागचं हलताही येत नाही!

झाड मग आपल्या पेशींमध्येच संरक्षक रसायनं बनवतं. असं समजा, की पान ही एक गिरणी आहे. ऊन म्हणजे वरून पडणारं धान्य. थंडीनं जातं हळू फिरू लागतं, पण धान्य पडतच राहतं. मग सांडलवंड होणारच! पानात या सांडलेल्या ऊर्जेतून पेशींना इजा करणारे कण तयार होतात. फिनॉल गटातली रसायनं हे कण टिपून घेतात. त्यांपैकी काही अतिनील किरणही अडवतात. आपण ज्याला औषध म्हणतो, ते बरेचदा झाडानं स्वतःसाठी केलेलं चिलखत असतं, बरं का!

पण म्हणजे ‘जितकं उंच, तितकं गुणकारी’ का? थांबा, इतकं सोपं नाही.

तुमच्या घरी तेलाच्या बाटलीवर ‘आर्निका’ हे नाव दिसलं असेल. हे युरोपातल्या डोंगरांवरचं पिवळं फूल. ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळच्या एका डोंगरावर शास्त्रज्ञांनी एकाच वाणाची रोपं ५९० ते २२३० मीटरपर्यंत वेगवेगळ्या उंचीवर लावली. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीबरोबर फुलांतली काही फिनॉल रसायनं वाढली होती. पण सूज उतरवणारी म्हणून जी मुख्य रसायनं ओळखली जातात, त्यांचा उंचीशी मेळच बसेना!

संशय अतिनील किरणांवर होता. म्हणून रोपं बंद कक्षात वाढवून पाहिली. तापमान ५ अंशांनी उतरवताच फिनॉल रसायनांत डोंगरावरच्यासारखाच बदल दिसला. खरी करामत थंडीची होती. हे २००९ मध्ये जाहीर झालं.

आता परत सातपुड्यात येऊ. इथल्या सफेद मुसळीला बाजारात मोठी मागणी असते. तिच्यात महत्त्वाची मानली जाणारी रसायनं आहेत सॅपोनिन. ती फिनॉलपेक्षा वेगळी. शिवाय पावसाळा सरला की मुसळीची पानं वाळतात, म्हणजे हिवाळ्यातली थंडी पानांना लागतच नाही. तेव्हा आर्निकाचं उत्तर मुसळीला चिकटवून कसं चालेल? ‘वरची मुळी जास्त गुणकारी’ असं कुणी नुसतं ठोकून दिलं, तर डोंगरमाथा खणून काढायला कितीसा वेळ लागणार? मुळ्यांच्या वरच्या टोकाशी डोळ्याचा भाग असतो, त्यातूनच पुढच्या पावसाळ्यात नवं रोप फुटतं. तोही ओरबाडला, तर पुढं तपासायला मुसळीच उरायची नाही!

चला, तुम्हीही एक प्रयोग करा. एकाच तुळशीचं बी दोन कुंड्यांत पेरा. माती तीच, पाणी तेवढंच. एक कुंडी गच्चीवर भर उन्हात, दुसरी सावलीत ठेवा. दोन महिन्यांनी पानं चुरगाळून वास घ्या, जाडी पाहा, रंग पाहा. आणि हो, उत्तर आधीच ठरवून टाकू नका. ते तुळशीलाच सांगू द्या!