स्कोअर म्हणजे खाच

‘स्कोअर काय झाला?’ असं विचारताना आपण सुरीची भाषा बोलतोय, हे कुणाच्या मनातही येत नाही. पण इंग्रजीतलं ‘स्कोअर’ हे कापण्याचं क्रियापद आहे. आणि कापणंही कसं, तर तुकडा न पाडता! पुठ्ठा सरळ दुमडावा म्हणून त्यावर पात्याने रेघ ओढतात, पाव भट्टीत घालण्याआधी त्याच्या पाठीवर चिरा देतात, ते स्कोअर करणं. मसाला मुरावा म्हणून अख्ख्या पापलेटला आपण चिरा पाडतो, तेही हेच.

शब्द आला जुन्या नॉर्स भाषेतून. तिथे त्याचा अर्थ खाच. मोजायचं म्हणजे काठीवर खाच पाडायची. मेंढरं मोजताना दर विसाला एक खाच, अशी रीत असावी. म्हणून स्कोअरला ‘वीस’ हाही अर्थ चिकटला. आपल्या जुन्या बाजारातली कोडीच ती! गुत्त्यातली उधारीही स्कोअर, त्यामुळे जुनं वैर चुकतं करणं म्हणजे ‘स्कोअर सेटल करणं’. क्रिकेटच्या सुरुवातीच्या काळात धावाही काठीवर कोरत आणि धावेला चक्क ‘नॉच’, म्हणजे खाच, म्हणत.

खरी कमाल मात्र इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात. खजिन्याच्या कारभारावर बाराव्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात खाचांची मापंच दिली आहेत. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. पेनीला नुसती चीर, लाकूड काढायचंच नाही. मग काठी उभी चिरायची. एक फाळका देणाऱ्याकडे, दुसरा घेणाऱ्याकडे. कुणी गुपचूप एखादी खाच वाढवली, तरी जोडीच्या फाळक्यावर ती कुठून येणार? अक्षरशत्रूलाही बोटाने चाचपून हिशेब कळावा, असली ही पावती!

न्यूटन होऊन गेला, वाफेची इंजिनं धावू लागली, तरी खजिन्याने काठ्या सोडल्या नाहीत. ही पद्धत १८२६ साली संपली. साठलेल्या काठ्या १८३४ मध्ये जाळायला काढल्या. १६ ऑक्टोबरला उमरावांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत त्या दिवसभर इतक्या कोंबल्या, की धुराडी लालबुंद तापली आणि संध्याकाळी संसदेनेच पेट घेतला. बिग बेनसकट आज फोटोंत दिसते ती बहुतेक इमारत त्या आगीनंतर बांधलेली आहे.