कापसासाठी टाकलेले रूळ

सुरतेहून मुंबईकडे निघालेली गाडी काही मिनिटांतच उधन्याला येते. इथे मुख्य मार्गाला फाटा फुटतो आणि एक लाइन बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला जाते. उधना-लिंबायतच्या खान्देशी माणसांची ही गावाकडची वाट. आज ती भारतीय रेल्वेची असली, तरी सुरत ते अमळनेर हा सुमारे २५० किलोमीटरचा टप्पा मुळात एका खाजगी कंपनीचा होता. तिचं नाव ताप्ती व्हॅली रेल्वे.

या कंपनीमागे होती मुंबईची किलिक निक्सन ही पेढी. वऱ्हाडातली शकुंतला रेल्वेही तिच्याच कारभारातली, एवढं सांगितलं की विदर्भातल्या वाचकाला ओळख पटेल. अशा पेढ्यांचा धंदा साधा होता. स्वतः मुंबईत बसायचं, भागभांडवल उभं करायचं, रूळ टाकायचे आणि गाड्या चालवायचं काम शेजारच्या मोठ्या रेल्वेकडे सोपवून उत्पन्नातला वाटा घ्यायचा. ताप्ती व्हॅलीच्या गाड्या बी. बी. अँड सी. आय. रेल्वे चालवत असे. रुळांची मालकीण एक, गाडी हाकणारी दुसरी.

पैसा दिसत होता तो कापसात. खान्देशचा कापूस तोवर जी. आय. पी. रेल्वेने भुसावळ-मनमाडकडून मुंबईला जाई. त्या वाटेत थळ घाट, आणि घाटाची चढण १:३७ इतकी कडक. तापीचं खोरं मात्र पश्चिमेला थेट सुरतेकडे उघडं. तिकडून मुंबई लांब पडते, पण सह्याद्री ओलांडावा लागत नाही. शिवाय रूळ ब्रॉडगेज टाकले, त्यामुळे वाटेत गाठी एका डब्यातून दुसऱ्यात भरायची कटकट नव्हती.

१९०० साली लाइन अमळनेरपर्यंत पोचली. छप्पन्याच्या दुष्काळाने गुजरात आणि खान्देश दोन्ही होरपळत होते, तेच हे साल. लाइनची वाटही मजेशीर होती: बारडोली इंग्रजांची, व्यारा-सोनगड बडोद्याच्या गायकवाडांचे, नवापूरपासून पुन्हा इंग्रजी खान्देश. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा नवी सीमा नवापूरच्या फलाटावरूनच गेली. तिथल्या एका बाकावर दोघं शेजारी बसले, तर एक महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत असतो.

रूळ आल्यावर अमळनेरचं नशीब पालटलं. १९०६ साली तिथे प्रताप मिल निघाली आणि कापसाला गावातच गिऱ्हाईक मिळालं. १९४५ मध्ये प्रेमजींनी तिथे वनस्पती तुपाची कंपनी काढली. आजची विप्रो ती हीच. या सगळ्याचं श्रेय एकट्या रेल्वेला देणं अतिशयोक्तीचं होईल. पण कारखाना काढणारा आधी स्टेशन किती लांब आहे ते बघतो, हेही खरं.

धुळ्याची मात्र गंमत झाली. १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व-पश्चिम दोन जिल्हे झाले आणि धुळे पश्चिम खान्देशचं मुख्य ठाणं राहिलं. तरी तापीकाठची लाइन त्याला वळसा घालून उत्तरेकडून निघून गेली होती. धुळ्याला चाळीसगावहून आलेला एक फाटा मिळाला, तोही धुळ्यातच संपणारा.

कंपनीचं आयुष्य लहान ठरलं. १९४२ मध्ये सरकारने ताप्ती व्हॅली ताब्यात घेतली आणि ती बी. बी. अँड सी. आय.मध्ये विरून गेली. १९५१ साली तीच रेल्वे पश्चिम रेल्वेचा मुख्य भाग बनली. शकुंतलेची मालकी स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं खाजगी राहिली. ताप्ती व्हॅलीला जेमतेम चाळीस-बेचाळीस वर्षं मिळाली.

पुढे सुरतेत यंत्रमाग वाढले आणि कापसाच्या वाटेने माणसं पश्चिमेला निघाली. पाऊस हुलकावणी देई, कोरडवाहू शेतीत भागत नसे. मग धुळे-नंदुरबार-जळगावकडची पोरं पॅसेंजरमध्ये बसून उधन्याला उतरत. ओळखीच्या माणसाच्या खोलीवर राहायचं, मागावर काम शिकायचं, पुढच्या खेपेला धाकट्या भावाला आणायचं. आज उधन्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून अहिराणी सहज कानावर पडते. मुंबईतल्या भागधारकांच्या हिशेबात हा प्रवासी नव्हता.

लाइन शतकाहून अधिक काळ एकेरीच होती. क्रॉसिंगसाठी गाड्या स्टेशनात तिष्ठत उभ्या राहणं नेहमीचंच. उधना-जळगाव दुहेरीकरण आणि विद्युतीकरणाचं लोकार्पण झालं १६ फेब्रुवारी २०१९ रोजी, आणि तेही धुळ्यात. त्याच कार्यक्रमात धुळे-नरडाणा मार्गाचं भूमिपूजन झालं. नरडाणा हे ताप्ती लाइनवरचं स्टेशन.