यवतमाळच्या ओढ्यांत सॅलॅमँडर का नाही?

उभयचर वर्गात बेडूक, सॅलॅमँडर व देवगांडूळ असे तीन गण मानले जातात. त्यांपैकी सॅलॅमँडर हा आकाराने सरड्यासारखा, परंतु ओलसर व खवलेहीन कातडीचा प्राणी होय. मराठीत त्यास रूढ देशी नाव नाही. मूळचा ग्रीक शब्दच पाठ्यपुस्तकांतून आलेला आहे. ज्या प्राण्याशी या भाषेच्या प्रदेशाचा कधी परिचयच घडला नाही, त्यास नाव नसणे स्वाभाविक आहे. तथापि हा परिचय का घडला नाही, याचे उत्तर निसर्गेतिहासातच शोधावे लागते.

ओढ्यातील सॅलॅमँडरचे जीवन थंड व वाहत्या पाण्यावर अवलंबून असते. जपानमधील महाकाय सॅलॅमँडर सुमारे दीड मीटरपर्यंत वाढतो. दिवसा तो खडकाच्या कपारीत राहतो व रात्री मासे, खेकडे यांवर उपजीविका करतो. मादीने काठाच्या बिळात घातलेल्या अंड्यांची राखण नर करतो. त्याचे श्वसन मुख्यतः कातडीतून चालते. उत्तर अमेरिकेच्या ॲपलाचियन पर्वतातील अनेक जातींना तर फुप्फुसेच नसतात. अशा प्राण्यास पाण्यात विरघळलेला प्राणवायू मुबलक हवा. १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात तो सुमारे ११ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांस केवळ साडेसात.

यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४४ अंशांपलीकडे जातो आणि अडाण, अरुणावती, पूस या नद्यांना मिळणारे लहान ओढे बहुधा आटून डोहांपुरते उरतात. तेव्हा उष्णता हेच सॅलॅमँडरच्या अभावाचे कारण, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु हे उत्तर अपुरे आहे. सह्याद्रीत छायेतील, तुलनेने थंड असे ओढे आहेत; तेथेही सॅलॅमँडर नाही. तेथे आढळतो तो १९५५ साली वर्णिलेला निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी हा रातबेडूक. त्याची अंडी ओढ्यावर झुकलेल्या पानांवर असतात व त्यांतून निघालेली पिल्ले खाली पाण्यात पडतात.

खरे कारण भूखंडांच्या इतिहासात आहे. सॅलॅमँडरांचा उदय व विस्तार उत्तरेकडील भूखंडांवर झाला. भारताचा भूभाग मात्र दक्षिणेकडील गोंडवनातून सुटून आला. बेडूक त्यावर पूर्वीपासूनच होते. दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांमधील गाळात, मुंबईच्या वरळी येथे, त्यांचे जीवाश्म सापडले असून रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन केले. पुढे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियास भिडला. तरीही सॅलॅमँडर पूर्व हिमालय व ईशान्य भारत यांपलीकडे आले नाहीत. दार्जिलिंगकडील टायलोटोट्रिटॉन हिमालयानस या जातीस २०१५ साली नाव मिळाले. तीही प्रामुख्याने संथ पाण्यात प्रजनन करते.

सारांश, इतिहासाने सॅलॅमँडरला दख्खनपर्यंत येऊ दिले नाही, आणि तो आला असता तरी यवतमाळच्या उन्हाळ्यात त्याचा निभाव लागणे कठीण होते. तेथील आटत्या डोहांत, चाहूल लागताच पाण्याच्या पृष्ठावरून टणाटण उड्या मारीत जाणारा युफ्लिक्टिस बेडूक मात्र टिकून राहतो. म्हणून या जिल्ह्यातील उभयचरांच्या अभ्यासकाने प्रथम पाहावयाचे ते उन्हाळ्यातील डोह होत. ते उपशाने वा गाळाने नाहीसे झाले, तर वर्षभर पाण्याच्या आश्रयाने राहणाऱ्या या प्राण्याचा आधारच तुटेल.