सव्वादोनाचे पावणेदोन

जरीपटक्यातल्या कापड दुकानात 'सव्वादोन मीटर द्या' म्हटलं, की दुकानदार मीटरपट्टी दोनदा लावतो आणि वर पाव मीटर धरून कात्री चालवतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची ही वस्ती. त्याची घरची बोली सिंधी, माझी उर्दू, शेजारच्या गिऱ्हाइकाची मराठी. पण 'सव्वा' आम्हा तिघांनाही कळतो.

हाच सव्वादोन शाळेच्या वहीत 'पूर्णांकयुक्त अपूर्णांक' होतो : २ पूर्णांक १/४. त्याचा अंशाधिक अपूर्णांक करायचा, म्हणजे सगळं कापड पाव-पाव मीटरच्या तुकड्यांत मोजायचं. एका मीटरात चार पाव, दोन मीटरांत आठ, वरचा एक, झाले नऊ. म्हणून ९/४. आमच्या वडीलधाऱ्यांना हे पाठच असे. पावकीत नवाला सव्वादोन येतात. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले, वजनंमापंही दशमान झाली, आणि पावकी, निमकी, अडीचकी मागे पडल्या.

परवा शेजारची सातवीतली मुलगी रडवेली होऊन वही घेऊन आली. उणे सव्वादोनाचं तिनं −७/४ केलं होतं. उणे दोनाला चारानं गुणलं, उणे आठ. त्यात एक मिळवला, उणे सात. 'नियम तर पाळला,' ती म्हणाली.

मी विचारलं, 'ड्रेसला कापड सव्वादोन मीटर कमी पडलं, तर किती आणशील?'

'सव्वादोन.'

'आणि तुझ्या उत्तराप्रमाणे?'

तिनं बोटं मोजली. सात पाव म्हणजे पावणेदोन. अर्धा मीटर कमी! बाह्याच राहिल्या.

चूक कुठे झाली? उणे चिन्ह एकट्या दोनाचं नाही, पावाचंही आहे. दोन मीटर कमी आणि वर पाव मीटरही कमी. तिनं तो पाव जमेला धरला आणि सव्वाचे पावणे झाले.

इथे केवलमूल्य कामी येतं. केवलमूल्य म्हणजे संख्येचं शून्यापासूनचं अंतर. अंतर कधी उणे नसतं. म्हणून उणे सव्वादोनाचं केवलमूल्य सव्वादोनच. आधी चिन्ह बाजूला ठेवा, सव्वादोनाचे ९/४ करा, मग चिन्ह परत लावा : −९/४.

पुढचं उदाहरण उणे साडेतीनाचं होतं. तिनं चिन्ह झाकलं, सात निम्मे मोजले आणि −७/२ लिहिलं.

'साडेतीनाला आपल्याकडे औट म्हणत,' मी म्हटलं.

शब्द तिला नवा होता. तिनं तो वहीच्या समासात लिहून घेतला.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)