प्रेम, भाकरी आणि लेखणी

कलावंताला जीवन, प्रेम आणि निर्मिती यांविषयी बोलते करावे, ही मराठी वाङ्मयीन जगातली जुनी रीत आहे. मुलाखती, सत्काराची भाषणे, ग्रंथांच्या प्रस्तावना यांतून हे तीन शब्द वारंवार भेटतात. दलित लेखकाला मात्र बहुधा एकच विचारले जाते : तुम्ही काय सोसले? तो कुणावर जीव लावतो, केव्हा लिहितो, कुठे बसून लिहितो, हे विचारण्याची गरज फारशी कुणाला वाटत नाही. आपल्यातलेही काही कार्यकर्ते प्रेमकवितेकडे चळवळीतून निसटण्याची पळवाट म्हणून पाहतात. अभ्यासवर्गात मुले मला विचारतात, ‘सर, आपल्या कवीने प्रेमावर लिहावे काय?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याच तीन कलावंतांच्या जगण्यात आणि लेखनात शोधावे, असे मला वाटते.

पहिले अण्णाभाऊ साठे. वाटेगावात 1920 साली जन्मलेला हा मांगाचा मुलगा पोटासाठी मुंबईस आला, हमाली केली, गिरणीत राबला, आणि पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून कथा-कादंबऱ्या लिहू लागला. मुंबईत 2 मार्च 1958 रोजी भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले आणि हे जग कष्टकऱ्यांच्या हातावर उभे आहे, असा विचार तेथे मांडला. जीवनाचा आधार नसलेली प्रतिभा निरुपयोगी, अशी त्यांची धारणा होती. हे विधान पुष्कळदा घोषणेसारखे वापरले जाते. त्याचा खरा अर्थ पाहायचा तर ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड पाहावी.

वरवर पाहता ते विरहगीत आहे. पण हा विरह येतो कोठून? पारंपरिक शृंगारिक लावणीतला प्रियकर रुसतो, परस्त्रीकडे जातो किंवा मोहिमेवर जातो. अण्णाभाऊंचा नायक दारिद्र्यापायी गाव सोडतो. बायको गावी आणि नवरा मुंबईत, ही सातारा-सांगली-कोकणातून आलेल्या हजारो गिरणीकामगारांची घरगुती स्थिती होती. येथे प्रेमाची आर्तता आणि भाकरीची चणचण एकाच ओळीत नांदतात. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हीच मैना बेळगाव-कारवारसारख्या, महाराष्ट्रापासून तुटलेल्या मुलखाचे रूप घेते. श्रोत्याला हा बदल उपरा वाटत नाही, कारण ताटातूट म्हणजे काय हे त्याला आधीच आपल्या अंगावरून कळलेले असते. प्रेम बाजूला ठेवून अण्णाभाऊंना हे राजकीय गाणे रचता आले नसते.

प्रेम आणि समाजरचना यांचे नाते याहूनही खोल आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1916 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे, असे दाखवून दिले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी जातीची कुंपणे राखण्यासाठी कशा उपयोगी पडल्या, याची त्यांनी तेथे उकल केली. 1936 च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या ग्रंथात आंतरजातीय विवाह हा त्यांनी जातीवरचा खरा उपाय मानला. त्याच्या आड येणाऱ्या धर्मशास्त्रांची सत्ताही मोडली पाहिजे, असे बजावले. कुणी कुणावर प्रेम करायचे, यावर पहारा ठेवूनच जात जगते. तेव्हा दलित कवीची प्रेमकविता हा शिळोप्याचा उद्योग ठरत नाही. जात जेथे राखली जाते त्या उंबरठ्यालाच ती हात घालते.

मात्र हा उंबरठा आपल्या घरालाही आहे. येथे मला दुसऱ्या कलावंत आठवतात, त्या फलटणच्या बेबी कांबळे. त्यांचे ‘जिणं आमुचं’ 1982 साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि 1986 साली त्याचे पुस्तक झाले. ते लिहून मात्र कितीतरी आधी झाले होते. नवरा-बायकोचे लहानसे दुकान होते. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीच्या कागदांवर जे छापलेले असे ते त्या वाचीत, आणि नवरा माल आणायला बाहेर गेला की दुकानात बसून लिहीत. लिहिलेले त्यांनी सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. नवऱ्याचा संशय आणि मारहाण यांविषयी त्या पुढे मुलाखतीत मोकळेपणाने बोलल्या. पुस्तकात मात्र त्यांनी स्वतःच्या संसारापेक्षा साऱ्या महारवाड्याचे, त्यातही बायांचे जिणे मांडले.

आत्माविष्कार म्हणजे काय, हे शिकवताना मी आता हे उदाहरण देतो. निर्मितीला एकांत लागतो असे म्हणतात. बेबीताईंच्या वाट्याला आलेला एकांत म्हणजे दोन गिऱ्हाइकांमधला वेळ, आणि तोही चोरून घेतलेला. ज्या चळवळीने माणसाला वाणी दिली तिच्यातल्याच घरात एका बाईला आपली वही दडवावी लागते, याचा जाब आपण स्वतःला विचारला पाहिजे.

तिसऱ्या ऊर्मिला पवार. कोकणात वाढलेल्या ऊर्मिलाताईंच्या आत्मकथनाचे नाव ‘आयदान’ (2003). आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांनी विणलेली टोपली, सूप यांसारखी भांडी. वडिलांच्या मागे त्यांच्या आईने ही आयदाने विणून संसार ओढला. आईचे ते विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, असे त्या सांगतात. मला या सांगण्यात एका नव्या सौंदर्यविचाराची सुरुवात दिसते. येथे निर्मितीचे मूळ ईश्वरी देणगीत शोधलेले नाही. ते हाताच्या सवयीत आणि दुःख गिळून काम चालू ठेवणाऱ्या चिवटपणात आहे. त्याच पुस्तकात स्वतःच्या मर्जीने केलेले लग्न आहे, आणि त्या लग्नात बाईच्या शिक्षणावरून, लेखनावरून पडणारे ताणही आहेत. प्रेम केले म्हणजे समता आपोआप येत नाही. ती रोजच्या घरकामात, रोजच्या बोलण्यात कमवावी लागते, हे तेथून उमगते.

म्हणून मुलांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. प्रेमावर अवश्य लिहा. पण ताटातूट कोणी घडवली, हे अण्णाभाऊंप्रमाणे सांगा. लिहायला बसाल तेव्हा त्या वेळी घरात भांडी कोण घासते आहे, हेही पाहा. आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. आपल्या वस्तीतल्या, घरातल्या बायांनी काही लिहून ठेवले आहे काय, याची मायेने चौकशी करा. डब्यातळी, गाठोड्यात, पेटीत एखादी वही सापडेल. ती त्यांच्या संमतीने वाचा, आणि त्यांची इच्छा असेल तर छापून आणा. बेबीताईंची वही वीस वर्षे थांबली होती. पुढच्या वहीवर ती पाळी येऊ नये.